ब्रेबर्न ते ऑस्टिन : इंग्रज जमीनदार घराण्यांची नाती कशी शोधावीत

मुंबईत चर्चगेटच्या ब्रेबर्न स्टेडियमला ज्यांचं नाव दिलं आहे, ते लॉर्ड ब्रेबर्न १९३३ ते १९३७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. जेन ऑस्टिन ही इंग्रजी कादंबरीकार त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी, १८१७ साली, अविवाहित वारली. तरीही दोघांत रक्ताचं नातं आहे. लॉर्ड ब्रेबर्न हे जेनच्या सख्ख्या भावाचे खापरपणतू. हे वाक्य लिहायला सोपं, पण सिद्ध करायला अवघड आहे. त्या भावापासून गव्हर्नरांपर्यंत मोजून पाच पिढ्या होतात आणि त्यांत ऑस्टिन, नाइट, नॅचबुल, नॅचबुल-ह्यूगसन आणि ब्रेबर्न एवढी नावं येऊन जातात. आडनाव धरून शोधायला बसलेला माणूस दुसऱ्याच पायरीवर अडकतो.

इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांची नाती शोधताना हे पावलोपावली होतं. तिथे आडनाव अनेकदा रक्तामागे न जाता जमिनीमागे जातं. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली आणि घरातल्या लेकी कुठे दिल्या, हे दोन प्रश्न धरून चाललं की नाती उलगडत जातात. ही वाट कशी चालायची, ते ब्रेबर्न यांच्याच घराण्यावरून टप्प्याटप्प्याने पाहू.

हा वर्ग कोणता?

इंग्लंडमध्ये ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा पाच पायऱ्यांचे उमराव सर्वांत वर असत. त्यांच्याखाली जमीनदारांचा मोठा थर होता. बॅरोनेट, नाइट, एस्क्वायर आणि नुसतेच जंटलमन म्हणवणारे सगळे त्यात येत. बॅरोनेट हा किताब राजा पहिला जेम्स याने १६११ साली सुरू केला. तो वंशपरंपरेने चालतो, धारकाच्या नावाआधी ‘सर’ लागतं, पण बॅरोनेट हा उमराव नसतो. या सगळ्यांचा संसार मुख्यतः कुळांकडून येणाऱ्या खंडावर चाले. काउंटीचे न्यायदंडाधिकारी, पार्लमेंटचे सभासद आणि गावच्या चर्चवर पाद्री नेमण्याचा हक्क असलेले आश्रयदाते याच घरांतून येत.

नाती इतकी गुंतण्याचं कारण मालमत्तेच्या रीतीत आहे. जमीन थोरल्या मुलाकडे जाई. इस्टेटीचे तुकडे पडू नयेत म्हणून लग्नाच्या वेळी करारनामा होई आणि त्यानुसार जमीन धारण करणारा पुरुष फक्त हयातीपुरता मालक राही. ती विकायचा किंवा मनाला येईल तशी वाटायचा हक्क त्याला नसे. वारस एकवीस वर्षांचा झाला की बाप आणि मुलगा मिळून नवा करार करत आणि जमीन आणखी एक पिढी बांधून टाकत. बायकोला वैधव्यात मिळायचं वर्षासन, धाकट्या मुलांना आणि मुलींना द्यायच्या रकमा हे सगळं त्याच करारात लिहिलेलं असे. धाकटी मुलं चर्च, आरमार, लष्कर, वकिली किंवा ईस्ट इंडिया कंपनीची वाट धरत. मुलींची लग्नं पुष्कळदा आसपासच्या, ओळखीच्या घरांत होत. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत एकाच काउंटीतली मोठी घरं एकमेकांची दुहेरी-तिहेरी सोयरी होऊन बसत.

पहिली पायरी : किताब, आडनाव आणि क्रमांक वेगळे करा

‘ब्रेबर्न’ हे आडनाव नाही, किताब आहे. केंट काउंटीतल्या एका गावावरून तो घेतलेला. गव्हर्नरांचं नाव मायकेल आणि घराण्याचं मूळ आडनाव नॅचबुल. ते पाचवे बॅरन. पहिल्या बॅरनपासून पाचव्यापर्यंत पाच पिढ्या झाल्या असतील असं नवख्याला वाटतं आणि तिथेच पहिली चूक होते. क्रमांक पिढीचा नसतो, धारकाचा असतो.

पहिले बॅरन एडवर्ड १८९३ साली वारले. त्यांच्यानंतर मुलगा दुसरा बॅरन झाला आणि नातू विंडम तिसरा. विंडम पहिल्या महायुद्धात १९१५ साली मारला गेला, त्याला मूलबाळ नव्हतं. तेव्हा किताब मागे वळून त्याच्या काकाकडे, म्हणजे पहिल्या बॅरनच्याच दुसऱ्या मुलाकडे, सेसिलकडे गेला. सेसिल चौथे बॅरन आणि त्यांचे चिरंजीव मायकेल पाचवे. म्हणजे पाचवे बॅरन हे पहिल्यांचे सख्खे नातू. प्रत्येक क्रमांकापुढे ‘आधीच्याचा कोण’ हे लिहून ठेवलं की असा घोटाळा टळतो.

किताबधारकांची ही साखळी छापील ग्रंथांत तयार मिळते. जॉन बर्क यांनी १८२६ साली उमराव आणि बॅरोनेट घराण्यांचा कोश काढला. पुढे १८३३ ते १८३८ या काळात किताब नसलेल्या जमीनदारांच्या वंशावळी चार खंडांत आल्या. नंतर हीच ग्रंथमाला ‘लँडेड जेंट्री’ या नावाने चालू राहिली. सुरुवात या ग्रंथांपासून करावी, शेवट मात्र त्यांच्यावर करू नये. त्यांतली पुष्कळ माहिती घराण्यांनी स्वतःच पुरवलेली असे. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर नॉर्मंडीहून आलेला पूर्वज आपल्या घरात असावा ही अनेकांची हौस, आणि ती छापूनही आली. एडवर्ड फ्रीमन आणि होरेस राउंड या इतिहासकारांनी अशा बनावट वंशावळी कागदपत्रांवरून खोडून काढल्या. जुन्या पिढ्यांबद्दल बर्क जे सांगतो ते इशारा म्हणून घ्यावं, पुरावा म्हणून नव्हे.

दुसरी पायरी : जवळून लांब, एकेक पिढी मागे

वंशावळ नेहमी ज्ञात माणसापासून मागे न्यावी. मागच्या टोकाला एखादा प्रसिद्ध पूर्वज धरून खाली उतरायला गेलं की मन आपल्याला हवी ती जोडणी करून टाकतं.

मागे जाताना कोणत्या काळात कोणता कागद मिळतो, हे माहीत असावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू होते. मायकेल १८९५ साली आणि सेसिल १८६३ साली जन्मले, तेव्हा या दोन कड्या सरकारी नोंदीत सापडतात. शिरगणती दर दहा वर्षांनी होई. १८४१ पासून नावनिशीवार माहिती मिळते, पण त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं आणि जन्मगाव ही दोन्ही सदरं आली. मोठ्या हवेल्यांच्या बाबतीत शिरगणतीचा आणखी एक उपयोग आहे. त्या रात्री मुक्कामाला आलेले पाहुणेही तिच्यात नोंदले जात. बायकोची अविवाहित बहीण, सासऱ्याच्या बाजूचा पुतण्या अशी माणसं तिथे नावासकट भेटतात.

१८३७ च्या मागे गेलं की चर्चच्या वह्यांचा आधार. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला. १५९८ पासून त्या वह्यांची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवायची पद्धत पडली. मूळ वही किडीने खाल्ली किंवा जळाली तर ही नक्कल कामी येते. हार्डविक यांच्या कायद्यानुसार २५ मार्च १७५४ पासून लग्न चर्चमध्येच, ठरलेल्या विधीने आणि साक्षीदारांच्या सह्यांनिशी व्हावं असं ठरलं. साक्षीदारांच्या सह्या न चुकता पाहाव्यात. त्यांत भाऊ, मेहुणा, मामा असे नात्यातलेच लोक पुष्कळदा असतात.

पहिले बॅरन १८२९ साली जन्मले. त्यांचे वडील नववे बॅरोनेट सर एडवर्ड नॅचबुल आणि आई फॅनी नाइट. ‘ह्यूगसन’ हे जोडनाव आलं बापाच्या आईकडून. मेरी ह्यूगसन ही केंटमधल्या प्रॉव्हेंडर इस्टेटीच्या वारसांपैकी एक होती. नातवाने १८४९ साली राजाज्ञेने तिचं माहेरचं नाव आपल्या नावाला जोडलं. दुहेरी आडनाव दिसलं की कोणत्या आजीची जमीन घरात आली, हा प्रश्न लगेच विचारावा.

तिसरी पायरी : लेकींचा माग

फॅनी नाइट ही आपल्या शोधातली सांधेजोड आहे. १७९३ साली जन्मलेली ही मुलगी केंटमधल्या गॉडमरशॅम पार्क या हवेलीत वाढली. तिचे वडील एडवर्ड हे जेन ऑस्टिनचे सख्खे भाऊ. आई एलिझाबेथ ही गुडनेस्टनच्या सर ब्रुक ब्रिजेस या बॅरोनेटची मुलगी. १८०८ साली अकरावं मूल झाल्यावर एलिझाबेथ वारली आणि पंधरा वर्षांच्या फॅनीवर घर येऊन पडलं. १८२० साली ती सर एडवर्ड नॅचबुल यांची दुसरी पत्नी झाली.

‘दुसरी पत्नी’ हे शब्द वंशावळीत ठळक लिहायचे असतात. नॅचबुलांची बॅरोनेटकी १६४१ ची आणि मर्झम-ल-हॅच ही त्यांची गढी. ती बॅरोनेटकी पहिल्या बायकोच्या मुलाकडे, सर नॉर्टनकडे गेली. फॅनीच्या मुलाने राजकारणात नाव काढलं आणि १८८० साली त्याला स्वतःला बॅरन केलं गेलं. एकाच बापाच्या दोन शाखा, दोन वेगळे किताब. आई कोण हे तपासलं नाही तर दोन्ही एकमेकींत मिसळून जातात.

याच घरात एक लग्न असं झालं की वंशवृक्षावर रेषा एकमेकींना छेदतात. सर एडवर्डची पहिल्या बायकोपासूनची मुलगी मेरी ही फॅनीची सावत्र लेक. १८२६ साली ती फॅनीच्याच सख्ख्या भावाबरोबर, धाकट्या एडवर्ड नाइटबरोबर, पळून स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला गेली आणि तिथे दोघांनी लग्न केलं. हार्डविक यांचा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून इंग्लंडमधली जोडपी सीमेपलीकडच्या त्या गावी जात. फॅनी ही मेरीची सावत्र आई होतीच, या लग्नाने ती तिची नणंदही झाली. अशा ठिकाणी माणसाची दोन्ही नाती वेगवेगळ्या रंगाने दाखवावीत. विवाहाची नोंद गावच्या वहीत मिळाली नाही तर सीमेपलीकडे पाहायला विसरू नये.

लेकींचा माग काढायला घरगुती लिखाणासारखा आधार नाही. फॅनीच्या १८०४ ते १८७२ या काळातल्या रोजनिशा केंटच्या अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत. कोण कुणाकडे राहायला आलं, कुणाला मूल झालं, कोण आजारी पडलं, हे त्यांत तारीखवार आहे. १८८२ साली ती वारल्यावर मुलाला तिच्या सामानात जेन आत्याची पत्रं सापडली आणि ती त्याने १८८४ साली दोन खंडांत छापली. मुंबईच्या गव्हर्नरांच्या आजोबांनीच जेन ऑस्टिनची पत्रं जगापुढे आणली, हे या एका कडीवरून स्पष्ट होतं.

चौथी पायरी : नाव बदललं तिथे जमीन पाहा

जेनचा सख्खा भाऊ एडवर्ड ‘नाइट’ कसा झाला, हा यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. त्याचे वडील जॉर्ज ऑस्टिन हे हॅम्पशरमधल्या स्टिव्हन्टन गावचे पाद्री. ते पद त्यांना १७६१ साली टॉमस नाइट या जमीनदाराने दिलं. टॉमसची पत्नी जेन मंक हिच्या मातृकुळातून ऑस्टिनांशी दूरचं नातं होतं. पाद्रीपद कुणाकडून मिळालं हे पाहणं म्हणूनच उपयोगाचं ठरतं, कारण जमीनदार हे पद बऱ्याचदा नात्यातल्या माणसाला देई.

टॉमसचा मुलगा, त्याचंही नाव टॉमस, निपुत्रिक होता. त्याने आणि त्याची पत्नी कॅथरीन हिने लहानग्या एडवर्डला आपलासा केला. ही कॅथरीनसुद्धा माहेरची नॅचबुल होती. १७८३ सालचं विल्यम वेलिंग्ज यांनी केलेली एक छायाकृती, म्हणजे काळ्या आकृत्यांचं चित्र, आजही पाहायला मिळते. त्यात जॉर्ज ऑस्टिन मुलाला नाइट दांपत्याच्या स्वाधीन करताना दिसतात. आपल्याकडे दत्तकविधान झालं की मुलाचं गोत्र आणि नाव बदलतं, विधीला साक्षीदार असतात. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ साली आला. त्यामुळे एडवर्डचा दत्तकनामा शोधत बसलं तर हाती काही लागणार नाही. पुरावा वेगळीकडे आहे. धाकटा टॉमस १७९४ साली वारला. १७९७ साली कॅथरीनने स्वतःसाठी वर्षासन ठेवून इस्टेट एडवर्डच्या हवाली केली आणि १८१२ साली ती वारल्यावर एडवर्डने सहकुटुंब ‘नाइट’ हे नाव घेतलं. म्हणून १८१२ च्या आधीच्या कागदांत फॅनी ही फॅनी ऑस्टिन आहे. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद नाइट या नावाखाली शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

आणखी मागे गेलं की दिसतं, ज्या टॉमसने जॉर्जला पाद्रीपद दिलं तोही जन्माने नाइट नव्हता. तो टॉमस ब्रॉडनॅक्स. एका वारशासाठी १७२७ साली तो टॉमस मे झाला आणि चॉटन या इस्टेटीचा वारसा मिळाल्यावर १७३८ साली टॉमस नाइट. दोन्ही वेळा पार्लमेंटचा खास कायदा करून घ्यावा लागला. चॉटन त्याला मिळालं एलिझाबेथ नाइट या बाईकडून. ती जन्माने एलिझाबेथ मार्टिन. तिच्या थोरल्या भावाला ही इस्टेट १६७९ साली वारलेल्या निपुत्रिक सर रिचर्ड नाइट यांच्याकडून आली होती, तीही स्त्रीवंशातल्या नात्याने. दोघे भाऊ गेल्यावर ती एलिझाबेथकडे आली. तिने दोनदा लग्न केलं आणि दोन्ही नवऱ्यांनी तिचं ‘नाइट’ हे नाव घेतलं. म्हणजे सर रिचर्डनंतर एडवर्डपर्यंत चॉटनचे सगळे मालक ‘नाइट’ म्हणवत आणि त्यांतला एकही जन्माने नाइट नव्हता. मालकांची नावं एकाखाली एक लिहिली तर बापलेकांची सरळ ओळ वाटावी, आणि प्रत्यक्षात ती मार्टिन, ब्रॉडनॅक्स आणि ऑस्टिन अशा तीन घराण्यांची.

नाव बदलण्याच्या नोंदी तीन ठिकाणी सापडतात. जुन्या काळात पार्लमेंटचे खासगी कायदे. नंतर राजाज्ञा, जी कुलचिन्हांचं काम पाहणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये नोंदवली जाई आणि ‘लंडन गॅझेट’मध्ये छापली जाई. त्यानंतर साध्या प्रतिज्ञालेखाचा मार्ग. जमिनीची बाजू तपासायला ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ ही १८९९ साली सुरू झालेली ग्रंथमाला अनमोल आहे. गावोगावच्या मॅनरची, म्हणजे जमीनदारीची, मालकी कुणाकडून कुणाकडे गेली, ते तिच्यात कागदांच्या हवाल्यासह दिलेलं असतं. केंटसाठी एडवर्ड हेस्टेड यांचा अठराव्या शतकातला काउंटीचा इतिहास आहे. १९११ साली तर चॉटनच्या मालकांवर स्वतंत्र पुस्तकच निघालं.

पाचवी पायरी : मृत्युपत्र वाचायचं कसं

जमीनदार घराण्यांच्या शोधात मृत्युपत्राइतका बोलका कागद नाही. १८५८ सालच्या जानेवारीपर्यंत मृत्युपत्रं धर्मन्यायालयांत सिद्ध होत. दक्षिण इंग्लंडातल्या श्रीमंतांची बहुतेक कँटरबरीच्या मुख्य धर्मन्यायालयात जात. त्यांच्या नकलांच्या वह्या आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. यॉर्कच्या धर्मप्रांताची मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत आहेत. १८५८ नंतर सरकारी प्रोबेट कार्यालयाची वार्षिक सूची मिळते. एक मर्यादा ध्यानात ठेवावी. १८८२ च्या कायद्यापूर्वी विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून स्त्रियांची जुनी मृत्युपत्रं मुख्यतः विधवांची आणि अविवाहितांची असतात.

मृत्युपत्रात आधी ‘अमुक वारला आणि त्याला मुलगा नसला तर जमीन तमुकाकडे’ हा भाग काढावा. मुलगा, मग भाऊ, मग बहिणीचा मुलगा, मग चुलतभाऊ अशी ती यादी लांबत जाते. ती यादी म्हणजे मृत माणसाने स्वतःच्या हाताने आखून दिलेली वंशावळच. तिच्या शेवटी पुष्कळदा अट असते की जमीन घेणाऱ्याने घराण्याचं नाव आणि कुलचिन्ह धारण करावं. मग विश्वस्त आणि व्यवस्थापक कोण ते पाहावं. त्यांत बायकोचे भाऊ सापडतात. शोकाच्या अंगठ्यांसाठी ठेवलेल्या लहानसहान रकमांवरून दूरच्या नातेवाइकांची नावं कळतात.

जेन ऑस्टिनचं मृत्युपत्र काही ओळींचंच आहे. बहीण कॅसँड्राला सगळं, भाऊ हेन्रीला पन्नास पौंड आणि मॅडम बिझों या बाईला पन्नास पौंड. ही फ्रेंच बाई इंग्रज पाद्र्याच्या मुलीच्या मृत्युपत्रात कशी आली, हे विचारलं की एक अख्खी शाखा उघडते. ती हेन्रीच्या घरची कारभारीण. हेन्रीची बायको एलायझा ही आधी एका फ्रेंच सरदाराची पत्नी होती आणि तो फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनवर गेला. एलायझा ही हेन्रीची सख्खी आतेबहीण, जन्म १७६१ साली कलकत्त्याचा. तिची आई फिलाडेल्फिया ऑस्टिन १७५२ साली हिंदुस्थानात आली होती आणि कंपनीच्या एका सर्जनशी तिचं लग्न झालं होतं. ज्याचं नाव घरच्यांत बसत नाही, त्याच्यावर जास्त वेळ घालवावा.

मृत्युपत्रावरून भांडण झालं असेल तर शोधणाऱ्याचं काम हलकं होतं. १८१४ साली हिंटन आणि बेव्हरस्टॉक या मंडळींनी नाइटांशी असलेल्या नात्याच्या आधारे चॉटनवर हक्क सांगितला. एडवर्डने अखेर १८१८ साली मोठी रक्कम देऊन तडजोड केली. अशा दाव्यांत दोन्ही पक्ष आपापली वंशावळ पुराव्यानिशी मांडतात. चान्सरी न्यायालयाची दप्तरं म्हणून जरूर चाळावीत.

दगड आणि ढाली

चर्चच्या भिंतीवर चौकटीत टांगलेली, शंकरपाळ्याच्या आकाराची काळी फळी दिसली तर ती मृत जमीनदाराच्या कुलचिन्हाची असते. आधी ती हवेलीच्या दारावर लागे, मग चर्चमध्ये येई. ढालीच्या दोन भागांत पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला नवऱ्याचं चिन्ह, उजव्या हाताला बायकोच्या माहेरचं. मागची पार्श्वभूमी फक्त डावीकडे काळी असेल तर नवरा गेला आणि बायको हयात आहे. फक्त उजवीकडे काळी असेल तर उलट. बायकोचं चिन्ह अर्ध्या भागात न येता नवऱ्याच्या ढालीच्या मधोमध लहान ढालीत असेल, तर तिला भाऊ नव्हता आणि ती वारस होती. तिची मुलं पुढे दोन्ही घराण्यांची चिन्हं चार खणांत मांडतात. ज्या फळीवर एक अक्षरही नाही, तीही अशी बोलते.

कॉलेज ऑफ आर्म्सची स्थापना १४८४ ची. त्याचे अधिकारी १५३० ते १६८८ या काळात काउंटी-काउंटी फिरून कुलचिन्हं वापरणाऱ्यांचे हक्क तपासत आणि वंशावळी टिपून घेत. १८६९ साली स्थापन झालेल्या हार्लियन सोसायटीने या तपासण्यांच्या कित्येक नोंदी छापल्या. आजोबा आणि नातू यांच्यापुरत्या त्या भरवशाच्या असतात. त्याहून जुन्या पिढ्यांसाठी दुसरा पुरावा हवा.

नेहमीचे सापळे

जुन्या इंग्रजी कागदांतली नात्याची नावं आजच्या अर्थाने घेऊ नयेत. ‘कझिन’ म्हणजे भाचा, पुतण्या, कुणीही लांबचा आप्त. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा. नावापुढे ‘ज्युनियर’ असेल तर तो मुलगाच असेल असं नाही, त्याच गावातला वयाने लहान असा दुसरा माणूसही असू शकतो.

तारखांचंही तसंच. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जुन्या वहीतला १७३७ चा फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३८ चा. हे विसरलं तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि नसती शंका येते.

अस्सल कागदावरची प्रत्येक ओळही अस्सल नसते. स्टिव्हन्टनच्या विवाहाच्या वहीत कोरी नमुन्याची पानं होती. किशोरवयीन जेनने त्यांवर स्वतःची लग्नं लावून टाकली. एक नवरा लंडनचा, एक लिव्हरपूलचा आणि एक नुसताच जॅक स्मिथ. वही खरी आहे, हस्ताक्षर तिचंच आहे, लग्न मात्र एकही झालं नाही.

इकडचा धागा

या घराण्यांच्या धाकट्या मुलांपैकी कित्येक कंपनीच्या नोकरीत इकडे आली आणि इथेच राहिली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं यांच्या नोंदी ‘एन ३’ या मालिकेत आहेत. मुंबईच्या फोर्टमधल्या सेंट टॉमस कॅथीड्रलच्या भिंती स्मृतिशिलांनी भरलेल्या आहेत. अशा शिलांवर कधी कधी ‘अमुक काउंटीतल्या तमुक गावच्या अमक्याचा तिसरा मुलगा’ एवढंही कोरलेलं असतं. तिकडच्या वंशावळीत ‘हिंदुस्थानात वारला’ इतकंच लिहिलेल्या माणसाचा पत्ता इथल्या दगडावर लागू शकतो. पुणे, महाबळेश्वर किंवा कोकणातल्या जुन्या छावण्यांजवळ राहणाऱ्या वाचकांनी आपल्या गावातल्या अशा दफनभूमीतली अक्षरं झिजण्याआधी टिपून घेतली, छायाचित्र काढून ठेवलं, तर ती मोलाची मदत ठरेल.

वंशावळ मांडताना प्रत्येक रेषेशेजारी तिचा कागद लिहा : कोणती वही, कोणतं मृत्युपत्र, कोणतं साल. ज्या रेषेला कागद नाही ती पेन्सिलीने काढा, आणि कागद मिळेपर्यंत तिच्यावर शाई फिरवू नका.